डिझेलची पाणबुडी, पण जीव बॅटरीत

माझा भाचा आर्वीला बारावी सायन्सला आहे. परवा त्यानं फोनवर विचारलं, "मामा, तुमी पंधरा वर्सं पाणबुडीत होते ना? मंग हे सांगा, पाण्याखाली डिझेल जळते कसं? आन् अणुशक्तीच्या पाणबुड्या असतानी जग हे डिझेलवाल्या अजून काहून बनवते?" मी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात लाइन आली आणि मोटर चालू करायला वावरात पळावं लागलं. राहिलेलं आता बसून लिहितो.

पाण्याखाली डिझेल जळतच नाही. इंजिनाला हवा लागते आणि बुडालेल्या बोटीत हवा मोजकी असते. ती इंजिनाला दिली तर काही मिनिटांत माणसांना उरणार नाही. म्हणून डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटर बॅटरी भरतो आणि पाण्याखाली गेल्यावर त्या बॅटरीवरची मोटर मागचा पंखा फिरवते. जुन्या रशियन फॉक्सट्रॉट बोटींत पाण्यावर असताना इंजिन सरळ शाफ्टलाही जोडता यायचं. त्यानंतरच्या किलो नावाच्या बोटींत तीही सोय नाही, तिथं पंखा कायम मोटरवरच. तेव्हा लोक तिला डिझेलची पाणबुडी म्हणत असले, तरी माझ्या हिशेबी ती एक भलीमोठी बॅटरी आहे. ती भरायला सोबत इंजिन नेलेलं असतं, एवढंच. मी इलेक्ट्रिकल शाखेतला, त्यामुळे असंच म्हणणार. इंजिनवाल्यांना विचारशील तर ते वेगळं सांगतील.

ही बॅटरी किती मोठी, ते आधी समजून घे. सिंधुघोष वर्गाच्या बोटी, म्हणजे रशियन बनावटीच्या किलो, ७२.६ मीटर लांब. बुडाल्यावर वजन तीन हजार टनांच्या घरात. आत ५२ माणसं. पोटात बॅटरीचे दोन गट आणि प्रत्येक गटात १२० सेल. हल्लीच्या कलवरी वर्गात, म्हणजे फ्रेंच स्कॉर्पीनमध्ये, ३६० सेल आहेत आणि एकेक सेल ७५० किलोचा. गुणाकार केला तर २७० टन. अख्खी बोट सोळाशे टनांच्या आसपास, म्हणजे साधारण सहावा हिस्सा नुसती बॅटरी. आतलं रसायन मात्र तुझ्या घरच्या इन्व्हर्टरचंच, शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिड. सेलमागे दोन व्होल्ट. डिस्टिल्ड वॉटर टाकायचं, हायड्रोमीटरनं ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, बघायची. सगळं तेच.

आता ही वीज पुरवायची कशी, तिथं खरी मेख आहे. किलो बोट तीन नॉट वेगानं पाण्याखाली सुमारे ४०० सागरी मैल जाते. तीन नॉट म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर, बैलबंडी जरा हाकलली तर होईल तेवढा वेग. ४०० सागरी मैल म्हणजे ७४० किलोमीटर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. म्हणजे नागपूरहून मुंबईला बंडीच्या वेगानं, एकदाही श्वास न घेता, साडेपाच दिवसांत. आणि तीच बोट पूर्ण वेगानं, सतरा नॉटनं पळवली तर? तासाभरात खेळ खलास. आर्वीहून निघालास तर पुलगाव यायच्या आत बॅटरी बसली.

असं का होतं? पाण्यातून वेग दुप्पट करायचा तर वीज आठपट लागते. वेळ निम्मा लागला तरी तेवढ्याच अंतराला खर्च चौपट. वरून शिशाच्या बॅटरीचा स्वभाव असा, की घाईघाईनं ओढलं तर ती स्वतःच कमी देते. उलट फार हळू गेलो तरी परवडत नाही, कारण बोटीचा घरखर्च थांबत नाही. सोनार (आवाजावरून पाण्याखालचं शोधणारं यंत्र), पंप, हवा खेळवणारे पंखे, एसी, स्वयंपाक, दिवे. मोटरची वीज वेगाच्या घनात वाढते असं धरून गणित मांड. घरखर्च स्थिर ठेव आणि दर मैलाला सर्वांत कमी वीज कुठल्या वेगाला लागते ते डेरिव्हेटिव्ह शून्य करून काढ. उत्तर असं येईल की त्या वेगाला मोटर जेवढी वीज खाते त्याच्या दुप्पट घरखर्चाला जाते. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मलाही पटेना. मग कळलं की वीज वाचवायची वेळ आली की कॅप्टन आधी एसीकडे का बघतो.

त्या बॅटरीची सेवा करणं हे माझं काम. बॅटरीच्या खोलीत उभं राहायला जागा नसते, सेलांच्या वर पालथं पडून सरकायचं. हातात अंगठी नको, कमरेला धातूचं बक्कल नको, हत्यारांना इन्सुलेशन. एखादा पाना दोन टोकांवर आडवा पडला तर वितळून जाईल एवढा करंट तिथं असतो. प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, तापमान, व्होल्टेज वहीत लिहायचं.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. कोपऱ्यातल्या एका सेलपर्यंत हात नीट पोचत नव्हता. घामानं भिजलेलो, डोळे चुरचुरत होते. मी आदल्या दिवसाचाच आकडा उतरवला. चीफनं वही चाळली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता वही परत दिली. मग म्हणाला, "आता सगळ्यांचे परत घे. पहिल्यापासून." रात्री अडीच वाजेपर्यंत मी त्या खोलीत होतो. कोपऱ्यातला सेल खरंच उतरलेला निघाला. सेल एकापुढे एक जोडलेले असतात. नांगराच्या जोडीतला एक बैल बसला की दुसऱ्यालाही थांबावं लागतं, तसंच हे. कमजोर सेल रिकामा झाला की बाकीचे त्याच्यातून जबरदस्तीनं करंट ढकलतात, तो उलटा भरायला लागतो आणि तापतो. वेळेत सापडला तर त्याला वगळून बाजूनं जोडणी करता येते.

या बॅटरीचे दोन शत्रू. एक तिच्याच पोटातला. चार्जिंग शेवटाकडे आलं की सेलमधून हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की ठिणगीची वाट बघत बसतो. म्हणून चार्जिंगच्या वेळी पंखे बंद पडणं ही आमच्याकडे मोठी घटना. दुसरा शत्रू समुद्राचं पाणी. खारं पाणी सेलमध्ये गेलं तर क्लोरीन तयार होतो, आणि त्याआधी शॉर्टसर्किट. अर्जेंटिनाच्या सान हुआन पाणबुडीनं १५ नोव्हेंबर २०१७ ला शेवटचा जो निरोप पाठवला, त्यात स्नॉर्केलमधून पाणी शिरून बॅटरीत शॉर्टसर्किट झाल्याचं कळवलं होतं. आत ४४ जण होते. वर्षभरानं ती ९०७ मीटर खोलीवर सापडली. ती बातमी आली तेव्हा मी गावातच होतो, सोयाबीन विकायला मोंढ्यावर. तिथंच पोत्यावर बसलो होतो थोडा वेळ.

स्नॉर्केल म्हणजे काय ते सांगायचं राहिलं. बोट पेरिस्कोपच्या खोलीवर आणायची, पाण्याबाहेर फक्त एक नळी काढायची, तिच्यातून हवा ओढून इंजिन चालवायचं. नळीच्या तोंडाला झडप असते. लाट आली की ती बंद होते, पण इंजिन थांबत नाही, ते बोटीतलीच हवा ओढतं. एकदम दाब उतरतो आणि कानात दडे बसतात. झडप उघडली की पुन्हा भसकन हवा आत. खवळलेल्या समुद्रात तासन्‌तास हेच. झोपलेल्या माणसाचेही कान जागे असतात.

त्रासाचं काही नाही, सवय होते. भीती वेगळीच असते. इंजिनाचा आवाज दूरवर जातो, नळीचं टोक रडारला दिसू शकतं आणि धूर गरम असतो. जी बोट दिवसचे दिवस कुणाला सापडली नाही ती त्या काही तासांत सापडू शकते. म्हणून एकूण गस्तीतला किती टक्के वेळ नळी बाहेर होती, हा आकडा पाणबुडीवाल्यांच्या लेखी फार महत्त्वाचा. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास हा एवढा एक आकडा खाली आणायच्या धडपडीचा आहे, असं मी धरून चालतो.

सुरुवातीला तर नळीही नव्हती. १९०० साली अमेरिकी नौदलात आलेल्या हॉलंड बोटीत पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरी होती. बंद डब्यात पेट्रोलची वाफ म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. फ्रेंचांनी लवकरच, १९०४ च्या एग्रेट बोटीत, डिझेल आणलं. तरीही दोन्ही महायुद्धांतल्या पाणबुड्या म्हणजे मुळात पाण्यावरची जहाजं, जी गरज पडली तर बुडी मारायची. जर्मनांची प्रसिद्ध टाइप सात पाण्यावर सतरा नॉटच्या वर जायची आणि खाली साडेसातच्या आसपास. विमानांवर रडार बसलं आणि पाण्यावर राहणं जिवावर यायला लागलं, तेव्हा त्यांनी टाइप एकवीस काढली. बॅटरी जवळपास तिप्पट, अंग गुळगुळीत, डेकवरची तोफ गायब. ती वर १५.६ नॉट आणि खाली १७.२ नॉट जायची. म्हणजे बोट वरच्यापेक्षा खाली जास्त पळायला लागली. ११८ बांधल्या, पण युद्धगस्तीला गेल्या फक्त दोन, तोवर युद्ध संपलं. जर्मनीला तिचा उपयोग झाला नाही, पण जिंकणाऱ्यांनी तिची एकेक पट्टी उलगडून पाहिली. अमेरिकेनं आपल्या जुन्या बोटींना मोठ्या बॅटऱ्या आणि गुळगुळीत अंगं दिली. रशियानं त्याच धड्यावरून पुढच्या बोटी बांधल्या आणि त्या वाटेवर फॉक्सट्रॉट आली, जिच्यात मी शिकलो.

भारताची पहिली पाणबुडी, जुनी कलवरी, हीच फॉक्सट्रॉट. ८ डिसेंबर १९६७ ला तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात ती नौदलात आली. म्हणून ८ डिसेंबर हा आमचा पाणबुडी दिन. ९१ मीटर लांब, तीन इंजिनं, तीन पंखे, पुढे सहा आणि मागे चार टॉर्पेडो नळ्या. दणकट बोट, पण बांधलेली थंड समुद्रासाठी. १९६२ च्या क्यूबा पेचात, म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत संघ क्षेपणास्त्रांवरून समोरासमोर आले तेव्हा, सोव्हिएत संघानं अशाच चार फॉक्सट्रॉट गरम पाण्यात पाठवल्या. वर अमेरिकी जहाजं घिरट्या घालत होती, त्यामुळे नळी काढता येईना. बॅटऱ्या उतरल्या. काही कप्प्यांत तापमान ४५ अंशांच्या वर गेलं. चंद्रपूरचा मे महिना म्हण, पण त्यात सावली नाही, पाणी तोलून-मापून आणि हवा शिळी. २७ ऑक्टोबरला बी-५९ या बोटीवर अणुटॉर्पेडो डागायचा विचार इथवर आला होता, आणि वासिली आर्खिपोव या अधिकाऱ्यानं नकार दिला. शेवटी बोट वर आली, कारण बॅटरी संपली होती. या गोष्टीत लोक आर्खिपोवबद्दल बोलतात आणि ते बरोबरच आहे. मला मात्र त्या बोटीतल्या बॅटरीवाल्याचा विचार येतो. दर तासाला उतरता आकडा घेऊन कॅप्टनपुढे त्यालाच जावं लागलं असणार.

आपल्याकडचं १९७१ तर तुला माहीत आहे. ३ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशी पाकिस्तानची गाझी पाणबुडी बुडाली. ती मुळात महायुद्धाच्या अखेरीस बांधलेली अमेरिकी डायब्लो. आपली बाजू सांगते की आपल्या राजपूत या युद्धनौकेनं टाकलेल्या डेप्थ चार्जनं, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बनं, ती गेली. पाकिस्तानी बाजू वेगळं सांगते. चार्जिंगच्या वेळी साठलेल्या हायड्रोजनचा स्फोट, असंही एक मत आहे. मी काय मानतो ते मला विचारू नकोस, मी प्रत्येक गोष्टीत हायड्रोजनच बघतो. त्यानंतर सहाच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवजवळ त्यांच्या हँगोर पाणबुडीनं आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. हँगोर फ्रेंच बनावटीची, छोटी, डिझेल-इलेक्ट्रिक. आपल्या जहाजांनी तिला दिवसचे दिवस शोधलं, पण ती निसटली. शत्रूचं म्हणून वाईट बोलायचं मला जमणार नाही. उथळ पाण्यात गप्प बसलेली बॅटरीवरची बोट शोधणं किती कठीण, हे आम्हाला शिकवायला त्याहून कडू उदाहरण नव्हतं.

तुझा दुसरा प्रश्न इथंच येऊन मिळतो. अणुपाणबुडी महिनोन्‌महिने पाण्याखाली राहते, तीस नॉटनं पळते, तिला श्वास लागत नाही. मग डिझेलवाली काहून? कारण अणुभट्टी शांत करून ठेवता येत नाही. तिला थंड ठेवणारे पंप, वाफेचं टर्बाइन, गिअर, यांतलं काही ना काही फिरतच असतं. बॅटरीवरच्या बोटीत हळू चालताना एक मोटर फिरते, तीही रबरावर बसवलेली. किलोत तर सावकाश जायला वेगळी छोटी मोटरच आहे. बाहेरून अंगावर रबराच्या लाद्या, ज्या सोनारचा आवाज गिळतात. आत आम्ही पायात मऊ चपला घालायचो, भांडं पडलं तर स्वयंपाकी शिव्या खायचा. स्वीडनची गॉटलंड ही छोटी बोट अमेरिकेनं २००५ ते २००७ खलाशांसकट सॅन दिएगोला ठेवून घेतली, का तर आपल्या जहाजांना अशी बोट शोधायचा सराव व्हावा म्हणून. शिवाय डिझेलवाली स्वस्त पडते, उथळ पाण्यात शिरते आणि अणुभट्टी चालवायची विद्या मोजक्याच देशांकडे आहे. आपल्याकडे अरिहंतसारख्या अणुपाणबुड्या आहेत, पण त्यांचं काम वेगळं. किनाऱ्याजवळ दबा धरून बसायला हीच बरी.

आता बोटीच्या धडाबद्दल, म्हणजे बाहेरच्या पोलादी अंगाबद्दल, थोडक्यात. दहा मीटर खाली गेलं की एका वातावरणाचा दाब वाढतो. ३०० मीटरवर दर चौरस सेंटीमीटरला ३० किलो, म्हणजे तुझ्या तळहाताएवढ्या जागेवर ३० क्विंटल कापूस. म्हणून धड गोल नळीसारखं. रशियन बोटींना दोन धडं, एकात एक. जर्मन शिशुमार वर्ग एकेरी धडाचा, आणि त्यात संकटात सगळ्यांना घेऊन वर येणारा गोळा बसवलेला आहे.

यातलाच एक विषय मला जास्त लागतो. शिशुमार वर्गातली शाल्की १९९२ मध्ये मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये तयार होऊन नौदलात आली. भारतात बांधलेली ती पहिली पाणबुडी. १९९४ ला शंकुल आली. त्यानंतर तिथून पुढची पाणबुडी बाहेर पडली ती एकदम १४ डिसेंबर २०१७ ला, नवी कलवरी. मधे तेवीस वर्षं. पाणबुडीच्या पोलादाला जोड देणारा वेल्डर एका दिवसात घडत नाही आणि रिकामा बसूनही राहत नाही. नकाशे कपाटात टिकतात, हात टिकत नाहीत. वारसा म्हणून लोक संग्रहालयातली बोट दाखवतात. मला विचारशील तर खरा वारसा म्हणजे ही हातांची साखळी, आणि ती आपल्याकडे एकदा तुटली. नंतर मात्र खांदेरी, करंज, वेला, वागीर आणि जानेवारी २०२५ मध्ये वाघशीर, अशा सहा झाल्या. करंज हे नाव आपल्या कारंजा घाडगेवरून पडलं, असं गावात एकानं पारावर ठोकून दिलं होतं. ते मुंबईजवळच्या बेटाचं नाव आहे. खांदेरी मात्र महाराजांच्याच जलदुर्गाचं, अलिबागजवळचं.

पुढे काय? बॅटरी राहणारच, पण तिला सोबत मिळते आहे. हवेशिवाय वीज बनवणारी यंत्रणा, एआयपी म्हणतात तिला. आपली अंबरनाथच्या नौदल प्रयोगशाळेत तयार झाली. फॉस्फोरिक ॲसिडचा फ्युएल सेल, आणि त्याला लागणारा हायड्रोजन साठवून न ठेवता बोटीतच बनवायचा. २०२१ मध्ये जमिनीवरची चाचणी झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती कलवरी वर्गात बसवण्यासाठी करार झाला. तिनं बोट पळत नाही, पण बंडीच्या वेगानं बरेच दिवस जास्त राहते. जपाननं दुसरी वाट धरली. २०२० ला नौदलात घेतलेल्या ओर्यूत शिसं काढून लिथियम घातलं. घाईनं ओढलं तरी लिथियम कुरकुरत नाही, हे खरं. पण त्याची आग विझवणं सोपं नाही, आणि बंद डब्यात तर नाहीच. मी शिशाचा माणूस, मला घाई नाही.

दिवाळीच्या सुट्टीत जमलं तर विशाखापट्टणमला जाऊन ये. नागपूर, बल्लारशावरून थेट गाडी आहे. तिथं रामकृष्ण बीचवर कुरसुरा वाळूवर उभी करून ठेवली आहे. १९६९ ते २००१ नौदलात होती, फॉक्सट्रॉटच. सात कप्पे आहेत. पहिल्या कप्प्यात टॉर्पेडोजवळ फोटो काढायला गर्दी असेल, तिथं फार वेळ घालवू नकोस. दुसऱ्या आणि चौथ्या कप्प्यात थांब आणि पायाखाली बघ. बॅटरीच्या खोल्या तिथं खाली. माहिती सांगायला निवृत्त नौसैनिक असतात. त्यांच्यापैकी कुणाला विचार, कोपऱ्यातल्या सेलचं रीडिंग कसं घ्यायचे म्हणून. जो हसेल तो बॅटरीवाला.